ओला कचरा वेगळा झाल्यानंतर

घरातून दररोज बाहेर पडणारा कचरा अनेक पदार्थांचा बनलेला असतो आणि त्यांपैकी बहुतेक पदार्थांना पुढचा एखादा मार्ग उपलब्ध असतो. भाज्यांच्या देठांचे आणि चहाच्या चोथ्याचे खत होते, दुधाची पिशवी आणि वर्तमानपत्रे भंगारात विकली जातात, जुनी बॅटरी संकलन केंद्राकडे देता येते. हेच पदार्थ एका बादलीत एकत्र आले, की ओलसर कागदाला रद्दीवाला हात लावत नाही, खरकट्याने माखलेले प्लास्टिक धुण्याचा खर्च त्याच्या विक्रीतून निघत नाही आणि काचेचे तुकडे व बॅटऱ्या मिसळलेल्या देठांपासून शेतात घालण्याजोगे खत तयार होत नाही. ज्याला कचऱ्याची समस्या म्हटले जाते, तिचा मोठा भाग अशा प्रकारे स्वयंपाकघरातील एका बादलीत, मिसळण्याच्या क्षणी निर्माण होतो.

वापर कमी करावा, वस्तू पुन्हा वापराव्यात आणि उरलेल्याचे पुनर्चक्रण करावे, हा पर्यावरणविषयक लेखनात नेहमी सांगितला जाणारा क्रम तत्त्वतः योग्य आहे. तथापि एखाद्या कुटुंबाला तो प्रत्यक्षात आणायचा असेल, तर सुरुवात वर्गीकरणापासून करणे अधिक सोयीचे ठरते, कारण एकत्र बांधलेल्या पिशवीत नेमके काय आणि किती आहे हे कोणालाच कळत नाही, आणि जे कळत नाही ते कमी करणेही शक्य होत नाही. म्हणून या प्रकरणात आधी ओल्या कचऱ्याचा, नंतर सुक्या व घातक कचऱ्याचा आणि शेवटी कचरा मुळातच कमी करण्याचा विचार केला आहे.

क्षेपणभूमीत काय घडते

भारतीय शहरांतील घरगुती कचऱ्यात वजनाने सुमारे निम्मा भाग ओल्या, म्हणजे जैविक आणि कुजणाऱ्या कचऱ्याचा असतो. भाज्या रोज ताज्या आणून त्या घरी निवडणाऱ्या व चिरणाऱ्या, डबाबंद अन्नावर फारशा अवलंबून नसलेल्या समाजात हे स्वाभाविक आहे. चार माणसांच्या घरात दररोज साधारणपणे पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो, असे धरता येते. हा कचरा इतर कचऱ्यासोबत क्षेपणभूमीवर, म्हणजे ज्याला बोलण्यात डम्पिंग ग्राउंड म्हणतात तेथे पोहोचला, की त्यावर नवे थर पडत जातात आणि आतील भागाला हवा मिळेनाशी होते. प्राणवायूशिवाय जगणारे जिवाणू तेथे वाढतात आणि त्यांच्या क्रियेतून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार होतो, ज्याची वातावरण तापवण्याची क्षमता, शंभर वर्षांच्या कालावधीचा हिशेब केल्यास, तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ ते ३० पट असते. त्याच ढिगातून झिरपणारे काळसर पाणी, ज्याला लिचेट म्हणतात, बॅटऱ्या आणि रंगांतील धातू आपल्यात विरघळवून घेत भूजलापर्यंत जाऊ शकते.

मुंबईतील देवनार येथे १९२७ पासून कचरा टाकला जात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तेथे लागलेली आग अनेक दिवस धुमसत राहिली आणि तिचा धूर शहराच्या मोठ्या भागावर पसरला; कुजणाऱ्या कचऱ्यातून निघणारा मिथेन अशा आगी विझू देत नाही. पुण्याचा कचरा दीर्घकाळ उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला आणि विहिरींचे पाणी खराब झाल्याची तक्रार करत तेथील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या वारंवार अडवल्या. शहरातील स्वयंपाकघरात न झालेल्या वर्गीकरणाची किंमत अशा रीतीने शहराबाहेरील लोक मोजतात, ही बाब घरगुती कचऱ्याच्या चर्चेत सहसा नजरेआड राहते.

केंद्र शासनाने एप्रिल २०१६ मध्ये लागू केलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत कचरा वेगळा करून देण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकली आणि तो उघड्यावर टाकण्यास, जाळण्यास किंवा पुरण्यास मनाई केली. मोठ्या गृहनिर्माण संस्थांनी ओल्या कचऱ्यावर शक्यतो आपल्याच आवारात प्रक्रिया करावी, अशीही अपेक्षा त्यांत होती.

कुजण्यामागील शास्त्र

कुजणे ही जिवाणू आणि बुरशी यांनी चालवलेली पचनक्रिया आहे. पुरेशी हवा मिळाल्यास प्राणवायूवर जगणारे सूक्ष्मजीव सेंद्रिय पदार्थांचे विघटन करतात, त्यातून उष्णता, पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि मागे काळपट तपकिरी, मातीचा वास असलेला पदार्थ उरतो, ज्याला कंपोस्ट म्हणतात. हवा न मिळाल्यास दुसऱ्या प्रकारचे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेनबरोबरच सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड निर्माण होतो. खताच्या भांड्यातून येणारी दुर्गंधी ही कुजण्याची अपरिहार्य खूण नव्हे. ती हवा कमी पडत असल्याची सूचना असते.

दुसरी अट कर्ब आणि नत्र यांच्या प्रमाणाची आहे. सूक्ष्मजीवांना ऊर्जेसाठी कर्ब आणि शरीरबांधणीसाठी नत्र लागते, आणि एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब असल्यास त्यांचे काम सर्वांत चांगले चालते. स्वयंपाकघरातील हिरव्या, ओलसर कचऱ्यात नत्र तुलनेने जास्त असते, तर वाळलेली पाने, लाकडाचा भुसा, उसाचे चिपाड आणि पुठ्ठा यांत कर्ब पुष्कळ असतो. नुसता ओला कचरा भांड्यात साठवला, तर अतिरिक्त नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते आणि नाकाला झोंबणारा वास येतो. नुसता पालापाचोळा ठेवला, तर तो महिनोन्महिने तसाच पडून राहतो. दोन्ही एकत्र आल्यावर मात्र एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

या तत्त्वांना शिस्तबद्ध पद्धतीचे रूप देण्याचे महत्त्वाचे काम भारतातच झाले. अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथील संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात शेतातील काडीकचरा आणि शेण यांचे थर रचून ते ठरावीक काळाने खालीवर करण्याची पद्धत विकसित केली, जी पुढे ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर पोहोचली. महाराष्ट्रात यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी विटांच्या भिंतींत झरोके ठेवलेली टाकी वापरून, ढीग खालीवर न करता सुमारे तीन ते चार महिन्यांत खत मिळवण्याची पद्धत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. गावोगावी घरामागे असणारा उकिरडा आणि या दोन पद्धती यांत फरक आहे तो हवेचा आणि थरांच्या रचनेचा. सामग्री जवळपास तीच असते.

सदनिकेतील खताचे भांडे

शहरातील सदनिकेत हेच तत्त्व लहान प्रमाणावर वापरता येते. त्यासाठी तीन मातीच्या कुंड्या किंवा भोके पाडलेल्या प्लास्टिकच्या बादल्या पुरतात, ज्या विटांवर किंवा जाळीवर ठेवल्यास खालूनही हवा खेळती राहते. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा वाळलेल्या काटक्यांचा आणि त्यावर पालापाचोळ्याचा तीन-चार इंचांचा थर दिला जातो. त्यानंतर दररोजचा ओला कचरा शक्यतो बारीक करून घालावा आणि प्रत्येक वेळी आकारमानाने त्याच्याइतकाच किंवा त्याहून थोडा अधिक कोरडा पाला अथवा कोकोपीट, म्हणजे काथ्याचा भुसा, वर पसरावा. सुरुवातीला मूठभर तयार खत किंवा आंबट ताक घातल्यास दुधाला विरजण लावल्याप्रमाणे सूक्ष्मजीवांची वाढ लवकर सुरू होते. भांडे भरले की ते बाजूला ठेवून दुसरे सुरू करायचे. आठवड्यातून एकदोनदा ढवळत राहिल्यास पहिल्या भांड्यातील खत दोन ते तीन महिन्यांत तयार होते आणि मूळ कचऱ्याचे आकारमान बरेच कमी झालेले दिसते.

ओलावा योग्य आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी कोणत्याही उपकरणाची गरज नसते. भांड्यातील मिश्रण मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, परंतु पाण्याची धार निघू नये. धार निघाली तर कोरडा पाला वाढवावा, आणि मिश्रण भुरभुरीत झाले असेल तर पाण्याचा हबका मारावा. वर उडणारी चिलटे ही उघड्या फळांच्या सालींमुळे येतात आणि सालींवर पाल्याचा थर दिल्यास व भांड्याच्या तोंडाला सुती कापड बांधल्यास ती कमी होतात. पावसाळ्यात भांड्यात वळवळणाऱ्या जाड, करड्या अळ्या पाहून अनेक घरांत हा उपक्रम बंद पडतो. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या असतात, ज्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने संपवतात. मात्र त्यांची संख्या फार वाढणे हे भांड्यात ओल किंवा शिजवलेले अन्न अधिक झाल्याचे लक्षण असते.

काय घालू नये, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मासळी, मटण, हाडे आणि तेलकट खरकटे यांमुळे उंदीर-घुशी आकर्षित होतात, म्हणून लहान भांड्यात ते टाळावे. शहाळी, करवंट्या आणि आंब्याच्या कोयी कुजतात, परंतु त्यांना बराच अधिक काळ लागतो. ‘कंपोस्टेबल’ असा छाप असलेल्या पिशव्यांविषयी विशेष सावधगिरी हवी, कारण त्यांपैकी बहुतेकांचे विघटन औद्योगिक प्रकल्पातील सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानात व्हावे अशा बेताने त्या बनवलेल्या असतात आणि घरातील भांडे सहसा इतके तापत नाही. देवपूजेतील निर्माल्य मात्र दोरा आणि प्लास्टिकची सजावट काढून टाकल्यास खतासाठी उत्तम असते.

महाराष्ट्रातील ऋतुमानाचा विचार केल्यास एक पूर्वतयारी फार उपयोगी पडते. पानगळ मुख्यतः हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत होते, तर कोरड्या पाल्याची सर्वाधिक गरज पावसाळ्यात भासते, कारण तेव्हा हवेतील दमटपणामुळे भांड्यातील ओल आटत नाही. सोसायटीच्या आवारातील पाला पानगळीच्या काळात जाळून टाकण्याऐवजी गोण्यांत भरून ठेवल्यास धुराचा त्रास टळतो आणि चार महिन्यांची बेगमीही होते.

ज्या ठिकाणी शिजवलेले अन्न मोठ्या प्रमाणावर उरते, तेथे बायोगॅस हा पर्याय अधिक उपयुक्त ठरतो. येथे हवा मुद्दाम वगळली जाते आणि तयार होणारा मिथेन बंदिस्त टाकीत पकडून इंधन म्हणून वापरला जातो. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी पिष्टमय व साखरयुक्त पदार्थांवर चालणारे आटोपशीर बायोगॅस संयंत्र विकसित केले आणि त्यासाठी २००६ मध्ये तिला अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शेणातील सहज पचणारा भाग जनावराच्या पोटातच वापरला गेलेला असतो, तर उरलेल्या भातात किंवा पिठात तो शिल्लक असतो; त्यामुळे अशा अन्नापासून वायू लवकर आणि अधिक मिळतो.

सुका कचरा आणि त्यामागील माणसे

ओला कचरा वेगळा झाल्याचा पहिला परिणाम सुक्या कचऱ्यावर होतो, कारण तो कोरडा राहतो आणि कोरडेपणावरच त्याची किंमत अवलंबून असते. कागदाचे तंतू तेलाने माखले की त्यांचा लगदा नीट होत नाही. काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतात, आणि जुन्या ॲल्युमिनियमपासून नवे बनवताना खनिजापासून बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा वाचते. प्लास्टिकच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. पाण्याच्या बाटल्या आणि दुधाच्या पिशव्या प्रत्येकी एकाच प्रकारच्या प्लास्टिकच्या असल्याने त्यांना मागणी असते; परंतु वेफर्स आणि बिस्किटांच्या चकचकीत पुड्यांत प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही आणि म्हणून बहुतेक भंगारवाले त्या घेत नाहीत. दुधाची पिशवी कापताना तिचा कोपरा पूर्ण तोडून टाकू नये, या साध्या सूचनेमागे वेगळे कारण आहे: पिशवी धुऊन, वाळवून विकली जाते, पण तो नखाएवढा तुकडा कोणीही वेचत नाही आणि अखेर गटारात किंवा मातीत जातो.

भारतातील पुनर्चक्रणाची साखळी कचरावेचकांपासून सुरू होते. पुण्यात १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना स्थापन झाली, आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून पुणे महानगरपालिकेशी झालेल्या कराराने घरोघरी जाऊन कचरा गोळा करू लागली. मुंबईत स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ उपक्रमाद्वारे कचरावेचक महिलांना खतनिर्मितीचे आणि बायोगॅस संयंत्रे चालवण्याचे प्रशिक्षण दिले. घरात कचरा वेगळा केला जातो तेव्हा या कामगारांना तो उकिरड्यातून हाताने निवडावा लागत नाही, त्यांच्या हाताला काच लागत नाही आणि मालाला भाव अधिक मिळतो. वर्गीकरणाचा हा सामाजिक लाभ पर्यावरणीय लाभापेक्षा आधी आणि अधिक स्पष्टपणे दिसून येतो.

लहान शहरांनी ही पद्धत आणखी पुढे नेली आहे. पणजी महानगरपालिकेने निवासी संकुलांत सुक्या कचऱ्याचे अनेक उपप्रकार स्वतंत्रपणे गोळा करण्याची व्यवस्था उभी केली, तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ला नगरपरिषदेने वर्गीकरणाच्या बळावर आपल्या कचरा डेपोचे उद्यानात रूपांतर केले.

घातक आणि स्वच्छताविषयक कचरा

प्रमाणाने सर्वांत कमी, परंतु परिणामाने सर्वांत गंभीर असा भाग घातक कचऱ्याचा असतो. सीएफएल दिव्यांत आणि ट्यूबलाइटमध्ये काही मिलिग्रॅम पारा असतो, बॅटऱ्यांत जड धातू असतात आणि मुदत संपलेली प्रतिजैविके पाण्यात गेल्यास औषधांना दाद न देणारे जिवाणू वाढण्यास मदत होते. या वस्तू रोज निघत नाहीत. त्यामुळे एक झाकणाचा डबा ठेवून त्या त्यात साठवणे आणि काही महिन्यांनी संकलन केंद्राकडे देणे कोणत्याही घराला शक्य आहे. औषधे संडासात किंवा मोरीत टाकू नयेत.

सॅनिटरी पॅड आणि डायपर यांच्या बाबतीत प्रश्न हाताळणाऱ्याच्या आरोग्याचा आणि प्रतिष्ठेचा आहे. पुण्यात ‘स्वच्छ’ने असा कचरा कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम चालवली, जेणेकरून पुडके उघडण्यापूर्वीच आत काय आहे हे कामगाराला कळावे. हा कचरा कमी करायचा असेल, तर तान्ह्या बाळांसाठी घरी असताना कापडी लंगोट आणि मासिक पाळीसाठी धुऊन वापरण्याजोगे कापडी पॅड किंवा अनेक वर्षे टिकणारा मेन्स्ट्रुअल कप हे पर्याय उपलब्ध आहेत. मात्र त्यांसाठी पुरेसे पाणी, ऊन आणि खासगी जागा लागते, ही अट विसरून चालत नाही.

रिकाम्या होत जाणाऱ्या डब्याचा हिशेब

महिनाभर वर्गीकरण केलेल्या घरात एक वेगळाच लाभ दिसू लागतो. सुका डबा कोरडा आणि वाचता येण्याजोगा झालेला असतो: त्यात ऑनलाइन खरेदीचे पुठ्ठे किती, हॉटेलातून मागवलेल्या जेवणाचे डबे किती आणि खाऊच्या पुड्या किती, हे मोजता येते. ओल्या डब्यात साली आणि देठांऐवजी शिळी पोळी, नासलेली भाजी आणि आंबलेला भात अधिक दिसू लागला, तर चूक स्वयंपाकाच्या किंवा बाजारहाटाच्या अंदाजात आहे हे स्पष्ट होते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील सुमारे ६० टक्के घरांतून गेले. शिळ्या पोळीचा कुस्करा आणि उरलेल्या भाताचा फोडणीचा भात करणाऱ्या मराठी स्वयंपाकघराला हा विचार नवा नाही. वाया गेलेल्या अन्नाचे खत करणे हे ते फेकण्यापेक्षा बरे असले, तरी धान्य पिकवण्यासाठी लागलेले पाणी आणि ते शिजवण्यासाठी जळलेला गॅस खतातून परत मिळत नाही. म्हणून खताचे भांडे हा उधळपट्टीचा परवाना समजता कामा नये.

खरेदीतील बदलही या हिशेबातूनच ठरवावेत. महाराष्ट्र शासनाने मार्च २०१८ मध्ये प्लास्टिक पिशव्यांवर आणि थर्मोकोलच्या ताटवाट्यांवर बंदी घातली आणि जुलै २०२२ पासून केंद्राने देशभर अनेक एकल-वापर प्लास्टिक वस्तूंना मनाई केली. त्यानंतर कापडी पिशव्यांचा प्रसार झाला, परंतु ब्रिटनच्या पर्यावरण यंत्रणेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, तापमानवाढीच्या निकषावर पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करण्यासाठी नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवण्यात आणि कापड विणण्यातच बरीच संसाधने खर्च होतात. जुन्या चादरीतून किंवा परकराच्या कापडातून शिवलेल्या पिशवीसाठी असे नवे कापड लागत नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि किराणा दुकानात डबा नेऊन आणलेले सुटे धान्य या सवयी काटकसरीतून आलेल्या होत्या. आज त्यांना पर्यावरणाचे नाव मिळाले असले, तरी त्यांचे मोल वस्तू दीर्घकाळ वापरात ठेवण्यात होते आणि आजही तेच आहे.

या सर्व उपायांत घराच्या हाती नसलेला एक दुवा आहे. वेगळा केलेला कचरा गाडीत पुन्हा एकत्र ओतला गेला, तर नागरिकांचा उत्साह लवकर मावळतो, आणि ही तक्रार अनेक शहरांत ऐकू येते. मात्र ओल्या कचऱ्याचे खत घरात किंवा आवारातच झाले, तर गाडीत मिसळण्यासाठी ओले असे फारसे उरत नाही. व्यवस्था सदोष असतानाही सुका कचरा बराच कोरडा राहतो आणि वेचकांपर्यंत पोहोचतो. म्हणून ज्या कुटुंबाला एकच बदल करणे शक्य आहे, त्याने तो ओल्या कचऱ्यापासून करावा. उरलेले बदल त्यानंतर सुचतात आणि कोणता बदल आधी करावा, हे सुका डबा दाखवून देतो.